तीन नंबरच्या खोलीतला ओलावा

हैदराबादच्या सुलतान बाजारातल्या ओळखीच्या एका कापडवाल्यानं मला एकदा विचारलं होतं, "ताई, तुम्ही नोकरी कसली करता?" मी सांगितलं, "रेकॉर्डर बसवते." तो खूश होऊन म्हणाला, "अरे वा, मग घरी गाणी भरपूर असतील!" चौतीस वर्षं हे काम करून मी निवृत्त झाले, तरी आमच्या गौलीगुड्याच्या गल्लीत अजून निम्म्या लोकांना मी टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचे असंच वाटतं. तेव्हा आधी काम काय ते सांगते.

कारखान्यात काय काय तापतं, थंड होतं, वाहतं, दाबलं जातं. ते किती, हे सतत लिहून ठेवावं लागतं. पूर्वी त्यासाठी गोल कागदावर लाल-हिरव्या शाईची पेनं फिरत. माझी पहिली काही वर्षं बोटांवरची ती शाई घासण्यात गेली. मग पडदेवाले रेकॉर्डर आले. भिंतीवर घड्याळासारखा बसवलेला डबा, मागून तारा आत जातात, पुढे रेघा सरकत राहतात. एक तार म्हणजे एक चॅनेल. भट्टीच्या तापमानाची तार, पाण्याच्या दाबाची तार, दार उघडं की बंद ते सांगणारी तार.

पण त्यात काही चॅनेलं अशी असतात की त्यांना तारच नसते. त्यांना मॅथ चॅनेल म्हणतात. जे मोजता येत नाही ते बाकीच्या आकड्यांवरून काढायचं सूत्र आपण लिहायचं, आणि रेकॉर्डर दर सेकंदाला ते सोडवून रेघ काढत राहतो. ही सूत्रं लिहिणं हा माझा हातखंडा. हिमायतनगरच्या आमच्या छोट्या ऑफिसात आठ-दहा इंजिनिअर होते, सगळे पुरुष, सगळे माझ्यापेक्षा जास्त शिकलेले. कंस कुठे चुकला हे विचारायला मात्र ते माझ्याच टेबलापाशी यायचे.

सूत्राला अक्कल नसते, हे सगळ्यांत आधी शिकावं लागतं. एका बेकरीवाल्या शेठनं मला तीन भट्ट्यांची सरासरी काढायला लावली, म्हणजे त्यातली जास्त तापणारी एक भट्टी तपासनिसाला दिसू नये. मी नको म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही, मी लिहून दिली. दोन महिन्यांनी एका भट्टीची तार तुटली. तार तुटली की यंत्र वरच्या टोकाचा आकडा दाखवतं. सरासरी सहाशे अंशांवर गेली आणि शेठ पावाचे ट्रे टाकून रस्त्यावर पळाले. त्यांनी फोनवर मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

असे किस्से पुष्कळ आहेत आणि मी ते लग्नाकार्यात सांगतेही. आज लिहायला बसले आहे ते मात्र मी फारसं कुणाला सांगितलेलं नाही.

शहराबाहेर मेडचलच्या बाजूला एक बियाणांची कंपनी होती. नाव सांगत नाही. बियाणं म्हणजे जिवंत वस्तू. ते कोरड्या, गार हवेत ठेवलं तर दोन-तीन वर्षं झोपून राहतं. दमट हवेत ठेवलं तर जागं होतं आणि वाया जातं. त्यासाठी या कंपनीत तीन बंद खोल्या होत्या. जाड पत्र्याच्या, आत फोम भरलेल्या भिंती, अठरा अंश तापमान, हवेतलं पाणी ओढून घेणारा ड्रायर. आत छपरापर्यंत पोत्यांच्या थप्प्या आणि मधून एक माणूस जाईल एवढी वाट. तिन्ही खोल्यांचा रेकॉर्डर बाहेरच्या बोळात भिंतीवर होता.

तिथले स्टोअरकीपर यादगिरी. पन्नाशीचे, नलगोंड्याकडचे, कपाळावर कायम बोटभर विभूती. माझ्याशी ते आपल्या हैदराबादी हिंदीत बोलत. त्यांची अडचण अशी होती की आर्द्रतेचा टक्का सारखा हलतो. हवा जरा गार झाली की पाणी तेवढंच असून टक्का वाढतो, अलार्म वाजतो, आणि त्यांना जेवण सोडून धावावं लागतं. मी म्हटलं, टक्का सोडा, आपण हवेत खरोखर किती ग्रॅम पाणी आहे तेच काढू. तापमान आणि टक्का या दोन तारांवरून सूत्र लिहिलं. रेघ एकदम शांत झाली. घनमीटरला सहा ग्रॅम, दिवसभर सहा ग्रॅम. यादगिरींनी मला हात जोडले.

तिथे थांबायला हवं होतं. पण कौतुक झालं की माझा हात थांबत नाही. मी अजून एक चॅनेल लिहिलं: तासाभरात खोलीत नवीन पाणी किती आलं, ग्रॅममध्ये. ड्रायर रोज अकरा ते दोन बंद ठेवत. त्या वेळात हा आकडा पाहिला की खोली कुठे गळते का ते कळेल, असा माझा हिशेब. यादगिरींना तो आवडला. त्यांनी त्याचा कागद काढून बोळात चिकटवला.

आठवड्याभरानं त्यांचा फोन आला. "मेडम, आप आव जरा. तीन नंबर में पानी दिखा रहा."

मी गेले. एक आणि दोन नंबरच्या खोल्यांत अकरा ते दोन या वेळात तासाला तीन-चार ग्रॅम पाणी येत होतं. एवढी गळती कुठल्याही खोलीत असते. तीन नंबरमध्ये साडेबारापर्यंत तसंच. साडेबाराला रेघ वर चढत होती, चाळीस ग्रॅमपर्यंत जाऊन तिथे स्थिर राहत होती, आणि दीडच्या सुमारास पुन्हा खाली. रोज. आठवडाभर मागे जाऊन पाहिलं, एकही दिवस चुकला नव्हता. दाराच्या तारेवर मात्र काही नाही. दार उघडलंच नव्हतं.

आधी मी स्वतःवर संशय घेतला. कंस तपासले. मग दोन नंबरचा सेन्सर तीनला आणि तीनचा दोनला लावला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. पाणी तीन नंबरमध्येच. नवीन आलेलं पोतं ओलं असेल म्हणून बियाणं तपासलं, कोरडं होतं. दाराचं रबर पाहिलं, घट्ट होतं. मागच्या भिंतीला कमरेइतकं उंच एक छोटं झरोक्याचं दार होतं, बियाणं निवडायच्या हॉलमधून पोती आत ढकलायला. त्याला तार नव्हती. हॉलमध्ये जाऊन पाहिलं. बाहेरून कडी घातलेली, कडीवर धूळ.

त्या दिवशी साडेबाराला मी आणि यादगिरी दारासमोर खुर्च्या टाकून बसलो. कुलूप माझ्यासमोर लावलेलं, चावी माझ्या पर्समध्ये. हॉलमधल्या बायकांची जेवणाची सुट्टी झाली, निवडायची यंत्रं थांबली, आणि पडद्यावर आकडा चढायला लागला. नऊ, सतरा, अठ्ठावीस. एक वाजता अडतीस होता. मी कुलूप काढून आत गेले. यादगिरी दारात थांबले. मी ती वाट शेवटपर्यंत चालले, शेवटच्या थप्पीच्या मागे हातभर जागा होती तिथेही टॉर्च मारला. पोती. बियाणांचा कोरडा वास. गार हवा. कुणी नव्हतं. परत फिरताना मला जाणवलं की मी पावलं न वाजवता चालते आहे, कुणी झोपलं असलं की चालतो तशी.

बाहेर आले आणि एक चूक केली. मनातली धास्ती हसण्यावारी न्यावी म्हणून म्हटलं, "यादगिरीजी, हिशेब सांगू? एक माणूस नुसता शांत बसला ना, तर श्वासातून आणि अंगातून तासाला एवढंच पाणी सोडतो. चाळीस ग्रॅम."

यादगिरी हसले नाहीत. त्यांनी आधी दाराला कुलूप घातलं. मग म्हणाले, "ऐसी बात मजाक में बी नक्को बोलो, मेडम. लक्ष्मम्मा वहींच बैठके खाना खाती थी."

लक्ष्मम्मा हॉलमध्ये बियाणं निवडायची. वीस वर्षं. उन्हाळ्यात पत्र्याखालचा हॉल तापतो, म्हणून जेवणाच्या सुट्टीत ती झरोक्यातून आत जाऊन शेवटच्या थप्पीमागे डबा खायची. यादगिरी काणाडोळा करत. आदल्या वर्षी एका दुपारी ती परत आली नाही. पाहायला गेले तर भिंतीला टेकून बसलेली होती, डबा मांडीवर, अर्धा संपलेला. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. तेव्हापासून झरोक्याची कडी कुणी काढली नव्हती.

आमच्या घरात भूतखेत कुणी मानलं नाही. वडील परभणीकडचं गाव सोडून इथे आले तेव्हा अंगात येणं, उतारे, अंगारे हे सगळं मागे ठेवून आले. रविवारी विहारात जायचं आणि बाकी सहा दिवस डोक्यानं चालायचं, हे त्यांनी आम्हाला शिकवलं. मी यादगिरींना म्हटलं, नवा सेन्सर मागवते, तोवर कुणाला काही बोलू नका. ते हो म्हणाले. परत येताना बसमध्ये मी तीनदा तोच हिशेब केला आणि तीनही वेळा उत्तर चाळीसच आलं.

दहा दिवसांनी मला पुन्हा जायचं होतं, पण वेगळ्या कामाला. खोल्यांत कीड लागू नये म्हणून वर्षातून एकदा विषारी धुरी देतात. गोळ्या ठेवायच्या, खोली चहूबाजूंनी चिकटपट्टीनं बंद करायची. गोळ्या हवेतला ओलावा शोषतात आणि त्यातून वायू सुटतो. त्यानं किडा मरतो, माणूसही मरतो, आणि तांब्याच्या तारा काळ्या पडतात. तेव्हा धुरीच्या आधी सेन्सर काढून ठेवणं माझं काम.

धुरीवाल्यांनी तीनची वेळ दिली होती. मी दीडला पोचले, आणि तीन नंबरचं दार चिकटपट्टीनं बंद झालेलं होतं. धुरीवाले जहांगीरभाई बाहेर पायरीवर हात पुसत बसले होते. सभ्य, वयस्क माणूस, दाढीला मेंदी.

"मेरा सेन्सर अंदर है, भाई!" मी म्हटलं.

"माफ करना अम्मा, दुसरी साइट पे बी जाना था, तो जल्दी कर लिए," ते म्हणाले. "अब गोल्यां डल गए. चार दिन नै खुलता."

सेन्सरचं वाटोळं झालंच होतं. निदान शेवटचा आकडा टिपून घ्यावा म्हणून मी रेकॉर्डरपाशी गेले. दार बंद केल्याला चाळीस मिनिटं झाली होती. गोळ्या पाणी पितात, म्हणजे रेघ खाली यायला हवी होती.

ती वर जात होती. चाळीस नव्हे. सत्तर, पंच्याहत्तर. मी पाहत असताना ब्याऐंशी झाली.

शांत बसलेला माणूस चाळीस सोडतो. मग ब्याऐंशी कोण सोडतो? धावणारा. धडपडणारा. यादगिरी माझ्या मागे येऊन उभे होते आणि तेही पडद्याकडेच बघत होते. दहा दिवसांत त्यांनाही तो आकडा वाचता यायला लागला होता.

"आत कुणीतरी आहे," मी म्हटलं. "दार उघडा."

"मेडम, वो लक्ष्मम्मा है." त्यांचे ओठ पांढरे पडले होते. "उसको धुआं पसंद नै आया. खोलो नक्को."

मी हॉलकडे धावले. हॉल रिकामा होता. यंत्रं बंद, चाळण्या तशाच, स्टुलं कलंडलेली. सगळ्या बायका बाहेर लिंबाखाली उन्हात दाटीवाटीनं उभ्या होत्या, एकमेकींचे पदर धरून. काय झालं विचारलं तर सगळ्या एकदम बोलायला लागल्या. एक म्हणाली, भिंतीतून आपटल्याचा आवाज आला. दुसरी म्हणाली, ती आत आहे, बाहेर यायचं म्हणते. एकीनं रामनाम सुरू केलं होतं.

माझं तेलुगू बाजारापुरतं, पण तेवढं पुरलं. मी ओरडून विचारलं, "तुमच्यातलं कोण नाही इथे?"

त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मोजायला किती वेळ लागला असेल? मला तो फार मोठा वाटला. मग एक म्हातारी म्हणाली, "नरसम्मा."

झरोक्यावर नवी चिकटपट्टी होती आणि पट्टीखाली कडी घातलेली. जहांगीरभाई माझ्यामागे आले होते. ते त्या कडीकडे बघून म्हणाले, "ये तो खुल्ली थी, अम्मा. मैंईच लगाया." आणि एवढं बोलून त्यांना आपण काय बोललो ते कळलं. त्या माणसाचा चेहरा मी विसरणार नाही.

पुढचं त्यांनीच केलं. आम्हा सगळ्यांना लांब ढकललं, तोंडावर मुखवटा चढवला, पट्टी फाडून कडी काढली. झरोका उघडला तसा लसणासारखा उग्र वास बाहेर आला. ते कमरेपर्यंत आत वाकले आणि दोन्ही काखांना धरून एका बाईला ओढून बाहेर काढलं. तिच्या हातांची बोटं सोललेली होती. डोळे उघडे होते. लिंबाखाली नेऊन निजवलं तेव्हा ती ओकली, आणि मला इतकं बरं वाटलं की मी तिथेच मातीत बसले.

कोरड्या हवेत गोळ्या सावकाश सुटतात. त्या खोलीत मी जपलेला कोरडेपणा नरसम्माच्या उपयोगी पडला, असं दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. अजून अर्धा तास गेला असता तर काही उपयोग नव्हता, असंही म्हणाले.

चौथ्या दिवशी मी तिला भेटायला गेले. लहानखुरी बाई, पंचावन्नच्या पुढची, बोटांना पट्ट्या. मी मोसंबी सोलून दिली. ती खात होती आणि माझ्याकडे बघत होती. मग आपणच बोलायला लागली. जिथे माझं तेलुगू अडलं तिथे शेजारच्या खाटेवरची बाई हिंदीत सांगत होती.

लक्ष्मम्मा तिची मैत्रीण. सोळा वर्षं दोघी शेजारीशेजारी बसून बियाणं निवडायच्या. ज्या दिवशी लक्ष्मम्मा गेली त्याच्या आदल्या दिवशी दोघींचं भांडण झालं होतं, चाळणीवरून. त्यामुळे त्या दुपारी नरसम्मा तिला बोलवायला गेली नाही. "रोज मीच झरोक्यावर टकटक करायचे," ती म्हणाली. "त्या दिवशी केली नाही."

"म्हणून तुम्ही आत जायला लागलात?"

"नाही अम्मा. वर्षभर त्या कडीला हात लावायची माझी हिंमत नव्हती. यादगिरीनं सांगितलं, मशीनवाल्या मेडमनं हिशेब केला, आत एक माणूस बसून श्वास घेतो. मग मी म्हटलं, ती एकटी बसलीय, आपण जायला पाहिजे. दुसऱ्या दिवसापासून मी डबा घेऊन जायला लागले."

धुरीवाले आले तेव्हा तिनं आवाज ऐकला होता. "कोई है क्या?" अशी हाकही ऐकली. पण पकडलं तर कामावरून काढतील म्हणून थप्पीमागे गप्प बसून राहिली. झरोक्यातून निघू असं तिला वाटलं होतं. मग कडी पडल्याचा आवाज आला. वास यायला लागल्यावर तिनं भिंत बडवली, ओरडली. पलीकडे बायका पळताना तिनं ऐकल्या. "त्यांना वाटलं मी ती आहे," नरसम्मा म्हणाली. तेवढं बोलताना ती किंचित हसली.

मी तिला काय सांगणार? मी गंमत केली होती म्हणून? मी फक्त एवढंच विचारलं, "आत गेल्यावर काय करायचात?"

"बोलायचे. चाळणीचं तिचंच खरं होतं, ते सांगितलं."

परत आल्यावर मी रेकॉर्डरच्या नोंदी काढून टेबलावर पसरल्या. माझ्या गमतीनंतरचे सगळे दिवस होते: साडेबारा ते दीड, चाळीस ग्रॅम, एक माणूस. नरसम्मा. त्याच्या आधीचे आठ-नऊ दिवसही होते. साडेबारा ते दीड. चाळीस ग्रॅम. कडीवर धूळ होती ते दिवस. मी स्वतः टॉर्च घेऊन आत गेले तो दिवसही त्यातच. दोन्ही कागद एकावर एक धरून उजेडाकडे केले तर रेघेवर रेघ बसली.

एक गोष्ट मात्र बसत नव्हती. दोन श्वास एका वेळी तिथे असतील तर आकडा ऐंशी व्हायला हवा होता. तो नरसम्मा जायला लागल्यावरही चाळीसच राहिला. म्हणजे पहिल्या दिवसांत जे काही होतं, ते ती आत गेल्याबरोबर थांबलं, असा त्याचा अर्थ. किंवा काहीच अर्थ नाही. मी चौतीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आले की कारण सापडत नाही म्हणजे आपण पुरेसं शोधलेलं नाही. मी शोधलं. ऑफिसातल्या सगळ्यांना कागद दाखवले. एक म्हणाला कॉम्प्रेसर, एक म्हणाला विजेचा दाब, एकानं सेन्सरच्या कंपनीला शिव्या दिल्या. मी प्रत्येक गोष्ट तपासली. अहवालात त्या दिवसांसमोर लिहिलं, "कारण आढळले नाही", आणि खाली सही केली. माझ्या हातून ते वाक्य त्याआधी कधी लिहिलं गेलं नव्हतं.

कंपनीच्या मॅनेजरांना नरसम्माला काढून टाकायचं होतं. मनाई असलेल्या जागेत शिरली म्हणून. यादगिरींनी त्यांच्यासमोर उभं राहून सांगितलं, कडी मीच उघडी टाकली होती, तिला मीच गार हवेत बसायची परवानगी दिली होती. धडधडीत खोटं. मी शेजारीच बसले होते. मीही मान हलवली. यादगिरींची बढती त्या वर्षी राहिली, नरसम्माची नोकरी वाचली. झरोक्याला मी तार लावली आणि धुरीच्या आधी माणसं मोजायचा नियम बोळातल्या भिंतीवर लागला.

धुरीनंतर नवा सेन्सर बसवला, तेव्हापासून तीन नंबरची रेघ सपाट होती. साडेबारालाही तीन ग्रॅम, चार ग्रॅम. मी दोन महिने दर आठवड्याला फोन करून विचारत होते. यादगिरी सांगत, "कुछ नै, मेडम. सीदा."

मग नवा सेन्सर तपासायला गेले तेव्हा नरसम्मा कामावर आलेली होती. तिला कळलं तशी बोळात आली, पदराला हात पुसत. तिला अक्षरं येत नव्हती. तिनं पडद्यावरच्या रेघांकडे बोट केलं आणि विचारलं, कुठली तीन नंबरची? मी दाखवली.

"उन्नदा?" तिनं विचारलं. आहे का ती?

खोटं बोलायची इच्छा झाली नाही असं नाही. "लेदु," मी म्हटलं. नाही.

तिनं त्या सरळ रेघेवरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाली, "एकदा दार उघडशील? झरोका नको. दारानं जाऊ. तू पण चल."

यादगिरींनी चावी दिली आणि स्वतः बाहेर थांबले. आम्ही दोघी त्या वाटेनं शेवटपर्यंत गेलो आणि थप्पीमागे भिंतीला टेकून बसलो. दार बंद होतं, टॉर्च विझवलेला. अर्धा तास बसलो असू. तिचा श्वास ऐकू येत होता, माझा ऐकू येत होता. मी कान देऊन ऐकत होते, हे कबूल करते.

बाहेर आल्यावर मी पडद्यावर पाहिलं. दार उघडल्याचा झटका सोडला आणि त्यापुढची चढण मोजली. नरसम्मा माझ्या कोपराशी उभी होती. "किती जणांचा श्वास?" तिनं विचारलं.

मी पुन्हा एकदा हिशेब केला. मग तिच्यासमोर दोन बोटं धरली.

तिनं त्या बोटांकडे पाहिलं, मान हलवली आणि हॉलमध्ये जाऊन आपल्या चाळणीवर बसली.